टेबलावरचं लेथ मशीन

मी लेथ मशीन घेतलं तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. "लोकांच्या घरी मिक्सर येतात, आमच्याकडे कारखाना!" दिसायला शिवणयंत्राएवढं, पण उचलताना दोघांचाही घाम निघाला. शेवटी ते जुन्या जेवणाच्या टेबलावर बोल्टांनी पक्कं बसवलं.

मला छंद वगैरे काही नव्हता. घेतलं ते बाबांसाठी.

बाबा छत्तीस वर्षं कारखान्यात टर्नर होते, मोठ्या लेथवर लोखंड कापायचे. संध्याकाळी त्यांच्या अंगाला तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. खिशातून लोखंडाचा निळसर, कुरळा कीस निघायचा. तो मी बाहुलीच्या डोक्यावर चिकटवायचे आणि तो पायात रुतला की आई दोघांनाही झाडायची. अजूनही एखाद्या वर्कशॉपवरून जाताना तो वास आला की मी तिथेच उभी राहते. फार आठवण येते त्या संध्याकाळांची.

कारखान्याने बाबांचे कान नेले. कानातलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कधीच काढून टाकलं. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि बोलणंही सोडलं. पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसून राहायचे, ताट ठेवलं की जेवायचे. डोळ्यांदेखत माणूस विझत होता आणि माझा जीव तुटत होता.

मशीनकडे त्यांनी एकदा पाहिलं. "खेळणं आहे," म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत.

माझं डोकंच फिरलं. पुस्तकात बघून मी लोखंडी गज अडकवला, कापायचं टूल बसवलं आणि बटण दाबलं. टेबल थडथडायला लागलं, गजावर लाटा उठल्या. तेवढ्यात बाबा अनवाणी धावत आले. ऐकू काहीच आलं नव्हतं. थरथर फरशीतून तळपायांना कळली होती.

"बंद कर आधी! टूल किती बाहेर काढलंयस? जीभ आहे का ती?"

त्यांनी टूल आत सरकवून आवळलं. मशीन पुन्हा चालू केलं तर थडथड गायब, गज लोण्यासारखा कापला गेला. त्यावर नख फिरवत त्यांनी मला त्यांच्या पहिल्या मशीनची गोष्ट सांगितली. तासभर बोलत होते. स्वयंपाकघरात जाऊन मी पदरात तोंड खुपसून रडले.

मग रोज माझं काहीतरी चुकायचं आणि रोज बाबा तणतणत यायचे. पण महिन्याभरात मेला माझा हात बसला. मशीन सुरळीत चालायला लागलं आणि बाबा पुन्हा खुर्चीला चिकटले. दंडाला धरून बोलवायला गेले तर म्हणाले, "चाललंय की तुझं बरं. माझं काय काम आता?"

दुसऱ्या दिवशी मी टूल चांगलं बोटभर बाहेर काढलं आणि मशीन चालू केलं.

बाबा आले. टूलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुद्दाम केलंस?"

मी मान डोलावली.

"बोलवायचं तर हाक मारावी माणसाने."

"तुम्हाला हाक ऐकू येते का?" मी हातवारे करत ओरडले. माझे डोळे भरून आले होते.

त्यांनी मशीन थांबवलं. टूल आत सरकवून मला गज पुरा करायला लावला, शेजारी उभं राहून. जाताना मात्र किल्ली घेऊन स्क्रू सैल केला. उभ्या हयातीत ज्यांनी कुणाचं टूल सैल खपवून घेतलं नाही, त्या बाबांनी ते स्वतःच्या हाताने बोटभर बाहेर काढलं.

"उद्या दहा वाजता चालू कर," म्हणाले. "मी फरशीवर पाय टेकवून बसतो."