पूजेत ठेवलेला टॅब

आमच्या घरी सप्तमीला पुस्तकं पूजेला बसतात आणि दसऱ्याच्या सकाळी उठतात. मधल्या दिवसांत वाचायचं नाही, लिहायचं नाही. शेंगा बांधून आलेला पेपरसुद्धा आई डोळ्यांसमोर धरू देत नाही. लहानपणी मला हे दिवस फार आवडायचे. गणिताचं पुस्तक मी सगळ्यांत आधी पाटावर नेऊन ठेवायचे, न जाणो आई विसरली तर!

पण मी बी.फार्मला गेले आणि आमच्या कॉलेजनं छापील पुस्तकं बंदच करून टाकली. प्रत्येकाला एक टॅब आणि त्यात सगळी ई-पुस्तकं. गेल्या दसऱ्याला आईनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि पुस्तकं मागितली, तर माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. टॅब द्यायला मी तयार नव्हते. शेवटी तिनं अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, कॅबची किल्ली आणि आपली शिवणाची कात्री पुजली आणि पुस्तकांचा पाट मोकळाच राहिला. पुढे मी फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, नापास झाले. अभ्यास केला नाही म्हणून नापास झाले, हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, अख्ख्या वर्गाला माहीत होतं. आईला मात्र वेगळंच कारण सापडलं.

"औंदा टॅब पाटावर बसणार," तिनं या वर्षी आधीच सांगून टाकलं. "सरस्वतीला मोकळा पाट दाखवल्यावर ती तरी काय देणार?"

"आई, पेपर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आहे!"

"म्हणूनच म्हणतेय, सौम्या."

आता या बाईशी कोण वाद घालणार? हा एकच विषय अडकला होता. तो सुटला तरच तिसऱ्या वर्षात बसता येणार होतं, नाहीतर वर्ष वाया. खरं सांगायचं तर मीही आतून घाबरले होते. टॅब न ठेवता पुन्हा नापास झाले असते, तर आईनं जन्मभर ऐकवलं असतं. आणि या खेपेला माझा अभ्यास झाला होता. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करून ठेवल्या होत्या, बाजूला टिपणं लिहिली होती. शेवटी फक्त तेवढं पिवळं डोळ्यांखालून घालायचं, असा माझा बेत होता. मी टॅब दिला. आईनं त्याला झेंडूचा हार घातला, काचेवर कुंकू लावलं आणि पोर सासरी पाठवावी तशी त्याच्याकडे बघत बसली.

नवमीला, म्हणजे आयुधपूजेच्या दुपारी, आई शेजारी हळदीकुंकवाला गेली. अप्पा कॅब घेऊन विमानतळाजवळ देवनहळ्ळीच्या कॅब-स्टँडवर होते, तिथे सगळे ड्रायव्हर मिळून गाड्यांची पूजा करतात. घरात मी एकटी. कुठलं औषध रक्तदाब उतरवतं आणि कुठलं चढवतं तेच आठवेना. मी हात धुतले, देवीची माफी मागितली, हार न हलवता एका बोटानं टॅब चालू केला आणि पुस्तकावर टिचकी मारली.

पुस्तक उघडलंच नाही. तिथे इंग्रजीत एक निरोप होता. सलग दोन दिवस वापर न झाल्यानं हे पुस्तक ग्रंथालयात परत जमा झालं आहे, पुन्हा हवं असल्यास कॉलेजच्या नेटवर्कवरून घ्यावं.

परत जमा झालं? माझ्या देवघरातून? कोणी नेलं? शाल्मलीला फोन केला. ती माझी वर्गमैत्रीण, कोरमंगलात पीजीत राहते. पण ती पुण्याला निघालेल्या बसमध्ये होती आणि टॅब खोलीवर ठेवून गेली होती.

"अगं, ते ऑटो-रिटर्न होतं! वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं होतं ना त्यांनी?" ती म्हणाली.

सांगितलं असेल. पण पुस्तकाला दोन दिवस हार घालून ठेवलं तर ते निघून जातं, हे कोणाच्या डोक्यात येईल?

तेवढ्यात दार वाजलं. आई आत आली, तिनं पाटाकडे पाहिलं, मग माझ्या बोटाला लागलेल्या कुंकवाकडे. मी रडायलाच लागले. आता ती कडाडणार, म्हणून मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

ती कडाडली नाही. खाली बसली.

"म्हणजे, मी ठेवलं म्हणून गेलं?"

"तसं नाही, आई..."

"तसंच हाय." ती उठली. अक्षता घेतल्या, टॅबवर वाहिल्या आणि पाट जरासा सरकवला. ही उत्तरपूजा, जी खरं तर दसऱ्याच्या सकाळी करायची असते. "आई, स्वल्प, जरा समजून घे," ती देवीला म्हणाली. मग हार काढला, पदरानं काच पुसली आणि टॅब माझ्या हातात दिला. "चल, उठ. चप्पल घाल."

केळीचे खुंट बांधलेल्या रिक्षा रस्त्यानं चालल्या होत्या, पण थांबेल तर शपथ. एकजण थांबला, तोही आईनं हात जोडले म्हणून. मल्लेश्वरमला कॉलेजच्या दारात उतरलो, तर फाटकाला झेंडूचं तोरण आणि भलंमोठं कुलूप. आईनं वॉचमनशी कन्नडमध्ये बोलून पाहिलं.

"आत सोडता येत नाही, अक्का," तो म्हणाला. "ग्रंथालयाच्या भिंतीपाशी जाऊन बघा, तिथे पोरं नेट पकडतात."

भिंतीच्या बाहेर फुटपाथवर आम्ही उभ्या राहिलो. नेटची खूण यायची आणि जायची. मी टॅब वर धरला, खाली धरला, भिंतीला चिकटवला. काचेवरचा गोल फिरत होता, थांबत होता. समजा पुस्तक दुसऱ्या कोणी घेतलं असेल तर? समजा सणासाठी नेटच बंद केलं तर? आईचे नुसते ओठ हलत होते.

आणि पुस्तक आलं.

"आलं!" मी ओरडलेच. भराभर पानं उलटत गेले. एक प्रकरण, दुसरं, तिसरं. मग माझा हात थांबला. पुस्तक माझंच होतं, पण कोरं करकरीत. माझा सगळा बेत त्या पिवळ्या ओळींवर होता. आईला हे कळायला नको, एवढंच मनात आलं. आधीच ती स्वतःला दोष देत होती. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

ती माझ्या खांद्यावरून डोकावत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, शाळा कन्नडमध्ये सातवीपर्यंत.

"तुझं पिवळं कुठं हाय गं?" तिनं विचारलं.

वर्षभर मी अभ्यास करताना ही बाई समोर बसून फॉल लावत असायची. मला वाटायचं, लक्ष सुईकडे आहे.

"गेलं," मी म्हणाले.

"समदं?"

"सगळं."

ती फुटपाथवर पदर पसरून भिंतीला टेकून बसली आणि शेजारी जागा दाखवली.

"इथं नेट हाय न्हवं? मग पहिल्यापासून वाच. मी बसलेय."

"आरतीची वेळ होईल. अप्पा येतील."

"येऊ देत. तू वाच."

मी तिच्याशेजारी बसले. पुन्हा नापास झाले तरी ही अशीच शेजारी बसलेली असेल, आणि सगळा दोष स्वतःकडेच घेईल, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. इतकी भीती मला अख्ख्या वर्षात वाटली नव्हती. मी पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले, तिला ऐकू जाईल असं, मोठ्यानं.