यादीतून गाळलेलं नाव

छापखाना बुडाला त्याला सहा वर्षं झाली आणि कोर्टाने दिवाळखोरीतून मोकळं केलं त्याला चार. आपली देणी माफ झाली म्हणजे घेणेकऱ्यांनी कोर्टातून मिळवलेले जुने निकालही आपोआप पुसले गेले असतील, अशी छापखानेवाल्यांची भाबडी समजूत. निकाल कुठले पुसले जातात! ते घराच्या कागदावर बोजा होऊन ठिय्या मारून बसले होते.

हे कळलं घर विकायला काढल्यावर. बायकोचे गुडघे गेले होते. तिसऱ्या मजल्यावरून ती आठ महिन्यांत खाली उतरली नव्हती. तळमजल्यावरचं छोटं घर बघून ठेवलं होतं, या घराला गिऱ्हाईकही होतं. पण त्याने बजावलं होतं की शुक्रवारपर्यंत बोजा उतरला नाही तर तो दुसरं घर बघणार.

वकीलबाईंनी कागद चाळले. "कागदवाल्याचं देणं दिवाळखोरीच्या यादीत होतं. त्याचा निकाल उद्या रद्द होईल. पण या बाइंडरचं नावच यादीत नाही, म्हणजे त्याचं देणं माफच झालेलं नाही. विसरलात?"

"मुद्दाम गाळलं," छापखानेवाले खाली बघत म्हणाले. "त्याचे पैसे मला बुडवायचे नव्हते."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, हा प्रामाणिकपणा भलताच महागात पडला. आता घरावरचा हक्क सोडतो अशी त्याची सही आणा."

सही आणा म्हणे! वीस वर्षं ज्याच्याबरोबर दुपारचा डबा खाल्ला, त्या बाइंडरची गल्ली छापखानेवाले सहा वर्षं टाळत होते. पैसे जमले की जाऊ म्हणायचे, आणि पैसे काही जमेनात. लाज माणसाला किती लांबचा वळसा घालायला लावते, ते त्यांच्या चपलांना विचारावं.

ते दुकानात शिरले तेव्हा बाइंडर एका जाडजूड वहीच्या पाठीला खळ लावत होता. त्याने वर पाहिलं, पण हातातला ब्रश खाली ठेवला नाही.

"जिवंत आहेस होय?"

छापखानेवाल्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. यादी, गुडघे, शुक्रवार.

"ती यादी मी वाचलीये," बाइंडर म्हणाला. "कोर्टात जाऊन. सगळ्यांची नावं होती, माझंच नव्हतं. म्हटलं, हा मला विसरलासुद्धा. पैसे बुडाले तेव्हा मी नुसता चिडलो होतो रे. रडू आलं ते त्या यादीपाशी."

"अरे, तुझेच तेवढे फेडायचे होते," छापखानेवाले म्हणाले.

"मग हे तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

छापखानेवाल्यांनी पिशवीतून वकीलबाईंचा कागद काढून पुढे केला.

बाइंडरने फडक्याला हात पुसले, कागद दोनदा वाचला आणि सही ठोकली. "घर सोडलं. पैसे नाही सोडले, सांगून ठेवतो. दर महिन्याला थोडे थोडे आणून द्यायचे. स्वतः यायचं. पोस्टाने पाठवलेस तर परत करीन."

महिनाभराने दुकानाच्या दारात काठीचा आवाज आला. छापखानेवाल्यांचा हात धरून त्यांची बायको उभी होती. नव्या घरापासून दोन गल्ल्या ती पायी चालत आली होती आणि घामाने निथळत होती.

"भाऊजी, हप्ता आणलाय," ती म्हणाली. "पण आधी खुर्ची द्या."