सगळ्यांना हो म्हणणाऱ्या बाईचा बोकड

मी बोकड बोलतोय. नाक दाबून ऐकलंत तरी चालेल, मला सवय आहे. माझ्या अंगाला वास येतो हे कबूल. पण ज्या माणसांत मी वावरलो, त्यांच्या कामांची घाण माझ्यापेक्षा वरचढ होती.

वडवणीजवळच्या वस्तीवर, मंजुळाबाईंच्या कळपात माझा जन्म झाला. काळा रंग, लांब कान, भरदार छाती. मंजुळाबाईंची लेक दीपमाला शेळीपालनाचं शिकून आली आणि तिनं बसस्टँडजवळच्या गाळ्यात सल्ला केंद्र उघडलं. गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला तिनं मला सोबत घेतलं, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाला शेळ्या हव्या होत्या, पण लेंडी दिसली की मळमळायचं. एकाला फक्त माझी शिंगं धरून फोटो काढायचा होता. एक पांढरे बूट घालून आला आणि बूट भरले म्हणून त्यानं मलाच लाथ घातली. यांच्याकडं शेळ्या जगणार नाहीत हे मला लगेच कळायचं. दीपमालालाही कळायचं. पण आलेलं गिऱ्हाईक परत गेलं तर दुसरं येईल का, ही तिला धास्ती. 'नाही' हा शब्द तोंडून निघायचाच नाही.

मंजुळाबाई चिडायच्या. "आपल्यात निम्म्या वाट्यानं करडू सांबाळायला देतानी सुदिक घर बघत्यात. लेंड्या कोन भरनार, इचारत्यात. तू कावून समद्यान्ला हो म्हनतीस?"

"आई, ह्यो धंदा हाय," दीपमाला म्हणायची.

त्या धंद्यातच आसाराम आला. सिरसाळ्याकडं त्यानं शेळ्यांचं मोठं शेड बांधलं होतं, अनुदानही मंजूर होतं. फक्त शेळ्याच नव्हत्या. तपासणीपुरत्या आणून द्या, म्हणाला. दीपमालानं यालाही मान डोलावली आणि वस्त्यावस्त्यांवरून शेळ्या उसन्या गोळा केल्या. शेजारच्या वस्तीवरची दगडाबाई म्हणाली, "तू म्हनतीस तर ने, पोरी." त्या शेळ्यांवरच तिचा संसार होता.

आम्हाला टेम्पोत कोंबलं. कुणाचं नाक वाहत होतं, कुणी खोकत होती, आणि शेडमध्ये एकाच गव्हाणीत सगळ्यांची तोंडं. साहेब आले, मोजून गेले. आसारामनं खुशीत मला झेंडूचा हार घातला. मला इतकी शिसारी आली की मी तो खाल्लासुद्धा नाही. बोकडानं हार सोडला, यावरून काय ते समजा.

शेळ्या आपापल्या घरी गेल्या आणि साथही घेऊन गेल्या. मला लस टोचलेली होती, म्हणून मी वाचलो. दगडाबाईच्या शेळ्यांची तोंडं आली, हगवण लागली. त्यांतली एकच वाचली. आसारामच्या शेडमध्ये तोवर सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. दीपमालानं फोन केला, तर म्हणतो कसा, "मरनाऱ्या मरत्यात. माजा काय संबंध?"

त्यानंतर बिभीषण नावाचा ठेकेदार पेढे घेऊन आला. "आसारामसारखंच करून द्या, म्याडम. मंग माजी समदी कामं तुमालाच."

दीपमालानं पुडा परत सरकवला. "शेळ्या पाळनार असाल तर शिकविते. ह्ये काम माजं न्हाई."

"दुसरं कुनीबी करंल."

"करू द्या."

"मंग ह्यो बोकड तरी इका. पार्टीला लई बरा हाय."

"उठा!" ती म्हणाली.

त्या एका शब्दासाठी मी किती ताटकळलो होतो! पुढं गिऱ्हाइकं आटून गाळा सुटला, पण आता ती आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाते, लेंड्या कोण भरणार ते विचारते. उत्तर आलं नाही तर चहाही न घेता उठते.

एकदा ती मला घेऊन दगडाबाईकडं गेली. उरलेली शेळी माजावर आली होती. "मावशी, बोकड आनलाय. काही द्यायचं न्हाई."

दगडाबाईनं कुंपणाच्या वाटेवर काट्यांची झाप ओढली. "तुज्यावर राग न्हाई, पोरी. पन ह्यो बोकड माज्या दारात नगं."

आत शेळी ओरडत होती. दीपमालानं माझं दावं ओढलं.

बाबांनो, कुणाला सल्ला देत असाल तर 'नाही' वेळेवर म्हणा. चरायला जाताना अजून दगडाबाईच्या कुंपणाजवळूनच आमची वाट आहे. शेळी आतून हाक मारते. दीपमाला मान खाली घालून चालत राहते, आणि मी ओ देत नाही.