पिकअपच्या कपाळावर

आदल्या दिवशी संध्याकाळी सोपानतात्या वारूळवाडीच्या घरापुढं पिकअपच्या दाराला टेकून उभे होते आणि नखानं तिचा रंग उकलत होते. निळ्या रंगाचे पोपडे हातात यायचे, खाली हिरवा दिसायचा. गाडी घेतली तीच जुनी. आधीच्या मालकानं तिला कुठले कुठले रंग फासले होते, देव जाणे. तात्यांची थोरली लेक जया जुन्नरला शिक्षिका होती; ती दुपारी शाळा सुटल्यावर एसटीनं माहेरी मुक्कामाला आली होती.

"तात्या, उकलू नका. आणखी घाण दिसते."

"माझ्यावानीच झालीय ती. वरनं कातडं सुटलंय, इंजिन खणखणीत."

तिचा धाकटा भाऊ भगवंत टोमॅटोची रिकामी कॅरेटं धूत होता. तो तिकडूनच म्हणाला, "बाजारात लोक इचारत्यात, कुनाचं भंगार म्हनून. दसऱ्याला रंग देऊन टाकू."

"रंग दिल्यावर टमाटी जास्त तांबडी व्हनार हायेत का रं?"

ओसरीवर बसलेली त्यांची आई कुशाबाई हसली. "बापलेकांना दुसरा इषयच न्हाई."

जेवायला पिठलं होतं. तात्यांनी वरून ठेचा मागून घेतला आणि तिखट लागल्यावर कुशाबाईला बोल लावला. पुढं जयानं ती संध्याकाळ कितीदा तरी चाचपून पाहिली. तिच्यात एरवीच्या संध्याकाळींपेक्षा वेगळं असं काही सापडलं नाही.

सकाळी गाडी भरता भरता तात्या मटकन खाली बसले. अंग घामानं निथळत होतं, हात छातीवर. भगवंतानं त्यांना उचलून केबिनमध्ये बसवलं, शेजारी जया बसली, गाडी निघाली. इथवर सगळे जे सांगतात ते खरं आहे. पुढचं तिघांनाच माहीत होतं, आणि तिघांतला एक गेला.

नारायणगावात दवाखाना सरळ रस्त्यावर होता. भगवंतानं गाडी बाजाराकडं वळवली.

"दोन मिंटं, आक्का. माल भरलेला हाय मागं. तेवढा उतरवतो न् जातो."

"भगवंता, सरळ चल."

"आता आलोच की."

टोमॅटोच्या बाजारात एकदा गाडी रांगेत शिरली की शिरली. पुढं पिकअप, मागं पिकअप, बाजूला कॅरेटांच्या थप्प्या. मागं घ्यायला जागा नव्हती. भगवंत हॉर्न वाजवत राहिला, पुढचेही त्याला हॉर्ननंच उत्तर देत राहिले. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा डॉक्टरांनी तात्यांची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, "इतका उशीर का केलात?"

"गाडी जुनी हाय, सायेब," भगवंत म्हणाला.

दहाव्याला तीच हकिगत झाली. पोरानं गाडी इमानावानी पळवली, पर जुनी गाडी ती, किती पळनार? चिमाजीकाका, तात्यांचे भाऊ, हे फार रंगवून सांगायचे. हातानं गिअरसुद्धा टाकून दाखवायचे. ते सुरू झाले की जया पाणी आणायला उठायची. कुशाबाईला मात्र त्या सांगण्याचा आधार झाला होता. "लेकानं जिवाचं रान केलं गं," ती म्हणायची. तिला जन्मभर भगवंताच्याच घरात राहायचं होतं. त्याच्या ताटातला घास तिला कडू करायचा कसा? कुणी विचारलं तर जया नुसती मान हलवायची. जुन्नरला शाळेत पोरांच्या वह्या तपासताना तिचा तांबडा पेन कागद फाडून खाली उतरायचा. रात्री पुस्तक उघडलं की दोन पानं वाचून व्हायची आणि एक शब्द मनात उतरलेला नसायचा. त्या जागी भगवंताचा आवाज असायचा. गाडी जुनी हाय, सायेब.

वर्षभर घरात नवं काही करायचं नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि भगवंतानं गाडी बहिरू पेंटरकडं दिली. ती तयार झाली तेव्हा त्यानं सगळ्यांना तिथं बोलावून घेतलं. पोपडे खरवडून, घासून, गाडी पांढरीशुभ्र केली होती. पत्र्यात तोंड दिसत होतं. काचेच्या वर, कपाळावर, भगव्या अक्षरांत लिहिलं होतं: वडिलांची पुण्याई.

"अक्षर कसं आलंय, बाई?" बहिरूनं विचारलं.

"अक्षर चांगलं आहे," जया म्हणाली.

भगवंतानं तिच्या हातात नारळ दिला. "आक्का, तू फोड. घरची लेक हायेस."

तोवर चिमाजीकाकांनी बहिरूला धरलं होतं. "आरं, ह्या पोरानं त्या दिवशी काय गाडी हानली म्हनून सांगू! मानसं रस्ता सोडून बाजूला व्हत व्हती."

"जाऊ द्या, काका," भगवंत म्हणाला. "आजवर कुनाला बोललो न्हाई. केबिनमदी तात्यांनी माझा हात धरला. म्हनले, भगवंता, तू लई केलंस. आता घर तुझ्यावर."

कुशाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "असं म्हनले? मला कदी सांगितलं न्हाईस रं."

"आक्का व्हती की शेजारी. इचार तिला."

सगळे जयाकडं पाहू लागले. भगवंतही पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती मान हलवणार याची त्याला खात्री होती. वर्षभर तिनं हलवलीच होती.

जयानं नारळ खाली जमिनीवर ठेवला.

"अगं, गाडीफुडं नारळ असा खाली..." चिमाजीकाका म्हणाले.

"काका, तुम्ही थांबा. वर्षभर तुम्हीच बोललात." ती आईकडं वळली. "आई, तात्यांनी याचा हात धरला नाही. आम्ही दवाखान्यात सरळ गेलोच नाही. यानं गाडी बाजारात घातली, माल उतरवायला, आणि आम्ही रांगेत अडकलो. मी सरळ चल म्हणत होते. तात्या बोलले ते माझ्याशी बोलले. म्हणाले, जया, दार उघड. मला खाली उतरव. मी चालत जातो."