शिवेवरची गाडी

तव्यावरची भाकर उलटताना कासाबाईची दोन बोटं तव्याला टेकली, आणि करपल्याचा वास आला तेव्हा कुठं तिचं ध्यान गेलं. आधी वाटलं, भाकरच करपली. पण भाकर तर टम्म फुगली होती. मग तिनं हात उचलून पाहिला. बोटांवर टपोरे फोड आले होते आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. भर वैशाखात चुलीपुढं बसून त्या बाईला हुडहुडी भरली.

सासूचं असंच सुरू झालं होतं. भिवराबाईला महारोग निघाला आणि गावानं तिला शिवेबाहेर माळावरच्या खोपीत नेऊन ठेवलं, त्याला तीन वर्षं झाली. मुलगा ग्यानबा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बालाघाटाकडं. सुनेनं रोज भाकर नेऊन खोपीपुढच्या दगडावर ठेवायची आणि दहा पावलं मागं सरायचं, असा गावाचा हुकूम. दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. खोपीत गेली तरी म्हातारीनं सुनेच्या भाकरीला नावं ठेवायचं सोडलं नव्हतं.

त्या दिवशी कासाबाईनं हात पदराखाली घेतला होता. म्हातारीची बोटं झडली होती, नजर नव्हे.

"हात कामून झाकलास?"

"पोळलाय, आत्याबाई."

"मंग दुखायलाय का?"

कासाबाईनं पदर आणखी ओढून घेतला.

"कासे, मी काय इचारायलेय? दुखायलाय का न्हाई?"

"न्हाई," कासाबाई म्हणाली.

म्हातारीनं माळाखाली नजर लावली. खालची काळी रानं भेगाळून पडली होती आणि झळा मारत होत्या.

"मिशनच्या बाईला दाव. बिमारी नवी हाय तवर बोटं वाचत्यात, म्हनती ती."

"अन् आश्रुबाच्या बायकोचं काय झालं, इसरलाव का?"

ते कोण विसरणार? मिशनच्या सुमनबाई दर शुक्रवारी पूर्णेच्या बाजूनं बैलगाडी घेऊन येत आणि भिवराबाईच्या जखमा धूत. गेल्या साली त्यांची गाडी गावात आश्रुबाच्या दारात थांबली. त्याच्या बायकोच्या पाठीवर चट्टा होता, औषध द्यायचं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्या घराला कुणी विस्तव देईना, आडावर पाणी भरू देईना. आठव्या दिवशी आश्रुबाच्या बायकोला विहिरीतून वर काढावं लागलं. सुमनबाई धाय मोकलून रडल्या. पण गाव करील ते राव काय करील? किशनराव पाटलानं सांगून टाकलं, गाडी शिवेवरच थांबल, अन् जो त्या गाडीपाशी इलाजाला जाईल त्याचं दार बंद.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनत्यात," म्हातारी म्हणाली. "ही मूठ झाकून झाकून गळायची, पोरी. शुकीरवारी ये. मी बघते."

शुक्रवारी सुमनबाईंनी नेहमीसारखं येशूचं नाव घेऊन म्हातारीचे पाय धुवायला घेतले, आणि नेहमीसारखंच विचारलं, "आजी, मिशनच्या आश्रमात राहायला येता का?" तीन वर्षं म्हातारीचं एकच उत्तर होतं, मही माती हितंच पडंल.

"येते," म्हातारी म्हणाली. "पर सून पायजे संगं. मही सेवा करायला."

"तिथं सेवेला माणसं आहेत, आजी."

"मला परक्याचा हात न्हाई चालत."

"आणि तीन वर्षं कुणाचा चालला?" सुमनबाई हसल्या.

म्हातारी हसली नाही. खाली वाकून हळूच म्हणाली, "तिचा उजवा हात बघ, बाई. दुरूनच बघ. जवळ जाऊ नको."

सुमनबाईंनी दहा पावलांवर उभ्या असलेल्या कासाबाईकडं पाहिलं. पदराखालचा हात पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या मुद्दाम मोठ्यानं गाडीवानाला म्हणाल्या, "सटवाजी, पाटलांना सांगून ये. म्हातारी कायमची जाते म्हणते, पण सुनेशिवाय हलत नाही."

पाटलाला आयतंच साधलं. "ग्यानबाला मी सांगतो," म्हणत तो स्वतः शिवेवर आला, मागं अर्धं गाव. गाडी हलायच्या आतच गावातल्या दोघांनी खोपीला काडी लावली. तीन वर्षांचं घर डोळ्यांदेखत भडकलं. म्हातारी गाडीत तोंड फिरवून बसली.

"सून असावी तर अशी!" बाया एकमेकींना सांगू लागल्या. कुणी कासाबाईच्या पाया पडलं. पाटलीण भागुबाई खणनारळ घेऊन पुढं झाली, तर कासाबाईनं डाव्याच हातानं पदराचं टोक पुढं केलं.

"ओटी डाव्या हातानं घ्यायलीस व्हय, येडे?" भागुबाईनं पदराखालचा उजवा हात ओढून काढला. "अगं माय! हे काय?"

"पोळलाय तिचा," गाडीतून म्हातारी कडाडली. "मह्यासाठी भाकरी थापून थापून."

भागुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मायेनं तो हात दोन्ही हातांत धरला आणि चांगला दाबला. फोड फुटून तिच्या बोटांवरून पाणी ओघळलं. बायांचा गलका थांबला. सगळ्याजणी कासाबाईच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि कासाबाई नुसती त्या हाताकडं बघत होती, दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

मग ती एकदम किंचाळली. "आई गंऽऽ!"

भागुबाईनं चटकन हात सोडला. "लय दुखलं का गं?"

"लय," कासाबाई म्हणाली, आणि हुंदके देत गाडीत चढली.