टाकीखालची नळी

आमचे हे गळती नाकाने शोधतात. तीस वर्षं हीच पद्धत. गाडीखाली ओल दिसली की बोट बुडवायचं, नाकाला लावायचं आणि निकाल द्यायचा: ऑईल, पेट्रोल नाहीतर इंजिन गार ठेवणारं कूलंट. गिऱ्हाईक नुसतं तोंडाकडे बघत राहायचं. बोटांना घट्टे पडून पडून गार-गरम कळेनासं झालंय, आणि गॅरेजची फरशी इतकी काळी की सांडलेल्याचा रंग काय डोंबल दिसणार. सगळी भिस्त नाकावर.

ते नाक गेल्या हिवाळ्यात गेलं. मोठा ताप आला, ताप उतरला, वास काही परत आला नाही. ह्यांनी मला सांगितलं नाही. एकदा स्वयंपाकघरात दूध करपून कोळसा झालं आणि हे चार हातांवर पेपर वाचत बसलेले, तेव्हा मला कळलं. मीही बोलले नाही. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, त्याला कसं विचारायचं? वाटलं, येईल आपोआप. तोवर मूग गिळून गप्प बसले. ते माझं चुकलं, आणि मी ते आधीच सांगून टाकते.

आमची लेक नर्स आहे. तिची मोटारसायकल तिच्याहून दोनच वर्षांनी लहान, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनची. मूळची ह्यांची. तिला नोकरी लागली तेव्हा ह्यांनी ती तिला देऊन टाकली. रविवारी ती म्हणाली, "बाबा, खाली काहीतरी गळतंय, आणि इंजिनही फार तापतंय."

इंजिन तापतंय आणि खाली गळतंय म्हणजे कूलंट. त्याला नाक लागत नाही. ह्यांनी वॉटर पंप खोलला, सील बदललं. कूलंट भरायचं झाकण पेट्रोलच्या टाकीखाली, म्हणून टाकी उचलली, कूलंट भरलं, टाकी परत बसवली. दिवसभर शीळ घालत काम चाललं होतं. बऱ्याच दिवसांनी ती शीळ ऐकून मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी लेक ड्युटीला निघाली. गाडी गॅरेजच्या दारात उभी होती. मी तिचा डबा घेऊन आले आणि दारातच थबकले. पेट्रोलचा वास. आता गॅरेजात पेट्रोलचा वास येतो ही काही बातमी नव्हे. आदल्या दिवशी ह्यांनी पंपाचे भाग पेट्रोलनेच धुतले होते, चिंध्या कोपऱ्यात तशाच पडलेल्या. लेक तर त्या वासातच वाढलेली, तिला त्याचं काय. पण शिळा वास वेगळा आणि ताजा वेगळा. हा नाकात घुसत होता.

"अहो, परत गळतंय," मी म्हणाले.

हे वाकले, बोट लावलं, हुंगलं. "कूलंट. काल भरताना सांडलं, ते खाचेतून ओघळतंय. थांबेल."

लेकीने हेल्मेट चढवलं, किल्ली लावली. मी पुढे झाले आणि किल्ली काढून घेतली.

"अगं आई, उशीर होतोय."

"तुला काय कळतं गं त्यातलं?" हे म्हणाले.

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. थेंब इंजिनावरून थेट सायलेन्सरच्या पाईपवर पडत होते. पाईप गार होता म्हणून नुसते पडत होते. दहा मिनिटं गाडी चालली असती की तो तापला असता, आणि वर माझी पोर बसलेली. मी बोट लावलं. गार लागलं आणि बघता बघता सुकलं. कूलंट असं सुकत नाही, चिकट राहतं. नुसतं "पेट्रोल आहे" म्हटलं असतं तर ह्यांनी मला उडवून लावलं असतं, आणि लेकीने बापाचंच ऐकलं असतं. मी एक स्वच्छ फडकं थेंबांखाली धरलं, भिजू दिलं आणि ह्यांच्या हातात दिलं.

"सांगा, कशाचा वास येतोय?"

ह्यांनी ते खूप वेळ हुंगलं. शाळेत न येणारं गणित घातल्यावर पोरं फळ्याकडे बघतात, तसे त्या फडक्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "कूलंटच."

लेकीने हेल्मेट काढलं. फडकं ह्यांच्या हातातून घेतलं. नाकापर्यंत न्यावंही लागलं नाही.

"बाबा, हे पेट्रोल आहे."

ह्यांनी आधी पेट्रोलचा कॉक बंद केला. मग टाकीखाली हात घालून नळी ओढून काढली. रबर जुनं, कडक झालेलं. आदल्या दिवशी टाकी उचलताना नळी वाकली होती आणि क्लिपेपाशी तडकली होती.

"मीच फोडली," ते म्हणाले आणि फरशीवरच बसले. "मला वास येत नाही. तापापासून. कशाचाच नाही."

लेक त्यांच्यावर रागावली नाही. शेजारी बसली, खांद्यावर हात ठेवला. "सांगायचं ना, बाबा." मग माझ्याकडे बघितलं. "तू मुद्दाम हुंगायला लावलंस. तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"आणि चार महिने मी बाबांनीच तपासलेल्या गाडीवर जातेय."

तुझ्या बापाची मान खाली जाऊ नये म्हणून, असं म्हणायचं होतं. पण ती उठली आणि बस पकडायला चालत गेली. डबा माझ्या हातातच राहिला.

हे फरशीवरच बसून होते. बोटांवर काहीतरी मोजत होते.

"शिंप्याची गाडी," ते म्हणाले. "पोस्टमनची. त्या दोघी बहिणींची स्कूटर. या चार महिन्यांत या तिघांच्या पेट्रोलच्या नळ्यांना मी हात लावलाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चल. मी हत्यारं घेतो, तू वास घे."

मी शटर ओढलं. आधी पोस्टमनकडे गेलो, कारण तो नऊला निघतो.