डावीकडचा धोटा

मी एक जुना धोटा आहे, मित्रांनो, आणि तोही डाव्या बाजूचा. मागावर विणकर आडवा धागा ज्याच्यातून फेकतो, तो मी. पोटात धाग्याची कांडी घ्यायची आणि उभ्या ताण्यातून पळत सुटायचे, एवढेच माझे काम. नागपूरच्या तांडापेठेत बाबनराव विणकरांकडे करवतकाठी साड्या विणल्या जात. त्या साडीला एक धोटा पुरत नाही. मधल्या अंगाला एक लांब आणि दोन काठांना दोन आखूड असे तीन लागतात. तिघांचे धागे एकमेकांत अडकतात, तेव्हा कुठे काठाला करवतीचे दाते उठतात. कवडू सुताराने एकाच शिसवी ओंडक्यातून आम्हा तिघा भावांना घडवले. ताण सारखा पडावा म्हणून त्याने आमचे तोलही नीट जुळवून दिले होते.

मधला आणि उजवा धोटा बाबनरावांच्या हातात असे, मी चंद्रकलाबाईंच्या. नवराबायको शेजारी शेजारी बसून विणत. डावा काठ जास्त सुबक येतो, असे गिऱ्हाइके म्हणत आणि मी फुगून जात असे. खोटे कशाला बोलू?

१९७३ साली त्यांचा मुलगा जागेश्वर सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला निघाला. वस्त्रविद्येत एम.एस्सी. करायचे होते. निघायच्या दिवशी चंद्रकलाबाईंनी मला मफलरमध्ये गुंडाळून त्याच्या ट्रंकेत ठेवले.

"घरचं काही तरी राहू दे तुयाजवळ," त्या म्हणाल्या. "आमी डावा दुसरा घडवून घेऊ, बापू."

झाले! ज्याने हजारो हात कापड विणले, तो मी वसतिगृहाच्या खिडकीत नुसता बसून राहिलो. जागेश्वर सकाळी पाव खाऊन प्रयोगशाळेत जाई, तिथून वाचनालयात, आणि काळोख पडल्यावर ओले मोजे हीटरवर वाळत घाली. रविवारी वरणात आईने दिलेल्या सावजी मसाल्याची चिमूट टाकी. मग सगळ्या मजल्यावर खोकल्याची साथ येई आणि दारे धडाधड बंद होत. पंधरा दिवसांनी घरचे निळे पत्र येई. बाबनरावांना लिहिता येत नसे, म्हणून ते शेजारचे ईश्वरदास मास्तर लिहून देत. शेवट ठरलेला असे. 'इकडे सर्व ठीक आहे. माग चालू आहे.'

जागेश्वरने प्रबंध लिहिला तो करवतकाठावरच. ताणले तर कापड आधी फाटेल, पण काठ आणि अंग जोडणारा सांधा सुटणार नाही, असे त्याने ठासून लिहिले होते. परीक्षकांनी वाचले आणि चष्म्यावरून पाहिले.

"कागदावर ठीक आहे," ते म्हणाले. "आता हातभर कापड विणून आणा. वीस सप्टेंबरला यंत्रावर ताणून पाहू. सांध्यात फाटले, तर प्रबंध परत."

शिष्यवृत्ती सप्टेंबरअखेर संपत होती. प्रबंध परत म्हणजे पदवी नाही, आणि तांडापेठेत रिकाम्या हाताने उतरायचे. त्या दिवसापासून जागेश्वरला घास गोड लागेना.

त्याने मला खिडकीतून उचलले, प्रयोगशाळेतले दोन धोटे घेतले आणि तिथल्याच हातमागावर विणायला बसला. ते हलके, मी जड. एकीकडचा धागा ओढला जाई, दुसरीकडचा सैल पडे, आणि काठाला सुरकुत्या येत. तो स्वतःच यंत्रावर ताणून पाही. दर वेळी कापड नेमके सांध्यात उसवे. उसवायचे, पुन्हा विणायचे. वर्षभर खिडकीत बसून माझीही सवय मोडली होती, हे मला कबूल केले पाहिजे.

ऑगस्टच्या मध्यावर त्याने घाईने घरी लिहिले, 'बाबा, दोन धोटे विमानाने पाठवा. फार गरज आहे.' घरी आढ्याला जुन्या, बिनकामाच्या धोट्यांची टोपली टांगलेली असे. त्याच्या मनात त्यातले दोन होते. पण टोपलीतले पाठवा, हे लिहायला तो विसरला. विणकराच्या घरात हे काय सांगायला हवे, असे त्याला वाटले असेल.

मग वाट पाहणे सुरू झाले. सप्टेंबरची दहा तारीख गेली, पंधरा गेली. टपालाच्या खणात हात घालून तो रोज रिकामाच परत येई. सतरा तारखेला पार्सल आले. त्याने दोरी दातांनी तोडली, आणि पाहतो तो काय, माझे दोघे भाऊ! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण जागेश्वरचा चेहरा उतरला.

मधल्याच्या पोटात कांडी होती. ती अर्धी भरलेली होती आणि धागा मध्येच तोडलेला होता. हातातली साडी पुरी झाल्याशिवाय बाबनराव धोटा खाली ठेवत नसत. आज त्यांनी साडी अर्ध्यावर थांबवून चालते धोटे पाठवले होते. हे दोघे परत जाईपर्यंत ती पुरी होणार नव्हती, आणि अर्धी साडी चढलेल्या मागावर दुसरे काहीच विणता येत नाही.

"हे काय करून बसलो मी!" जागेश्वर मोठ्याने मराठीतच बोलला. शेजारचा गोरा विद्यार्थी दचकून पाहू लागला.

हातात दोन दिवस होते. ती अर्धी कांडी त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवली, नवी भरली आणि तो मागावर बसला. प्रयोगशाळा पाचला बंद होई. पावणेपाचपासून पहारेकरी किल्ल्या वाजवत दारात उभा राही. आम्ही तिघे मात्र तांडापेठेत असल्यासारखे पळत होतो. एकोणीस तारखेला पाचला पाच मिनिटे असताना नमुना उतरला.

वीस तारखेला यंत्राच्या दोन चिमट्यांत कापड अडकवले. काटा चढू लागला. धागे करकरू लागले. परीक्षक वाकून सांध्याकडे पाहत होते. जागेश्वरचा हात खिशावर घट्ट दाबलेला होता. काटा आणखी चढला, आणि फट्दिशी आवाज आला. मी तर डोळेच मिटले असते, पण धोट्याला डोळे कुठले?

कापड मधोमध फाटले होते. करवतीचा एकही दाता सुटला नव्हता.

परीक्षकांनी हात पुढे केला. "सर, आता मी घरी जाऊ शकतो का?" जागेश्वरने एवढेच विचारले. पार्सलला महिना लागला असता आणि त्याला निघायलाही महिनाच होता, म्हणून त्याने आम्हाला आपल्याबरोबरच आणले.

आम्ही पोचलो त्या दिवशी दसरा होता. मागाला झेंडूचे तोरण होते आणि खाली धोतराने झाकलेली अर्धी साडी. जिच्या लग्नासाठी ती विणली जात होती, ती मुलगी दुसरीच साडी नेसून सासरी गेली होती. बाबनराव दोन महिने दुसऱ्याच्या मागावर रोजीने बसत होते. 'माग चालू आहे' हे मास्तरांनी खरेच लिहिले होते. कोणाचा, ते लिहिले नव्हते.

"बाबा, टोपलीतले पाठवाचे होते जी," जागेश्वर म्हणाला. "चालते धोटे काहून काढले?"

"टोपलीतले तुया धोट्याच्या जोडीचे नोहोत गा," बाबनराव म्हणाले. "अन् तूनं मांगतले म्हंजे काम अडलं असन. अडल्याबिगर तू कायले मांगशीन?"

जागेश्वरने खिशातून अर्धी कांडी काढून बापाच्या तळहातावर ठेवली आणि तो रडला. दसऱ्याला माग चालवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबनरावांनी तोच तुटका धागा पुन्हा जोडला. चंद्रकलाबाईंनी नव्या धोट्याला बाजूला ठेवून मला हातात घेतले.

मित्रांनो, आता आम्ही तिघे जागेश्वरच्या सीताबर्डीच्या कचेरीत काचेच्या कपाटात आहोत. धूळ बसते, त्याचे मला काही नाही. पण घरच्या पत्रात 'सर्व ठीक आहे' असे वाचाल, तेव्हा एकदा उलट पत्राने नीट विचारा. एवढीच या जुन्या लाकडाची विनंती आहे.

ती साडी विकली नाही. चंद्रकलाबाई सणाला नेसतात. डाव्या काठावर अर्ध्यात एक रेघ आहे, तिथे नव्या धोट्याचे दाते संपतात आणि माझे सुरू होतात. कोणी खोट काढली, तर त्या रेघेवर बोट ठेवून त्या म्हणतात, "इथं माया पोरगा पास झाला."